संजाणचा अरब सामंत गेममध्ये कसा बसवायचा?

मध्ययुगीन गेममधला धर्म बहुधा हिशेबाच्या वहीतला असतो. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ (1999) मध्ये साधू मंत्र पुटपुटतो आणि शत्रूचा सैनिक काही सेकंदांत फितूर होतो. नेमका कधी, हे संभाव्यतेचं गणित ठरवतं. मठात ठेवलेला एकेक पवित्र अवशेष मिनिटाला 30 सोनं देतो. ‘क्रुसेडर किंग्ज 3’ (2020) बराच बारकाईने बनवलेला आहे, पण त्यातही माणसाला धर्माचा एकच रकाना आणि परगण्यालाही एकच.

उत्तर कोकण त्यात मावत नाही. चिंचणीला सापडलेला शके 848 (इ.स. 926) चा ताम्रपट पाहा. राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. संजाण मंडळ सांभाळणारा सामंत मात्र ताजिक, म्हणजे अरब. नाव मधुमती, बहुधा मोहम्मदचं संस्कृत रूप. त्याच्या संमतीने भगवतीची मठिका उभी राहिली आणि तिच्या डागडुजीला, नैवेद्याला जमीन मिळाली. याच गृहस्थाने नदी ओलांडायला फुकट नाव ठेवली आणि अन्नछत्रात भात, कालवण, तूप वाढायची सोय केली. तिकडे कान्हेरीच्या बौद्ध लेण्यात 1009 आणि 1021 साली पारशी आपली नावं पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, कोरून गेले, ते निराळंच.

‘क्रुसेडर किंग्ज 3’ चं मॉड करताना, म्हणजे गेमच्या फाइली आपल्या परीने बदलताना, पहिला मोह होतो तो सामंतासाठी नवा मिश्र धर्म रचण्याचा. तो टाळावा; त्याने धर्म बदलल्याचं ताम्रपट म्हणत नाही. इतिहासाच्या फाइलमधली त्याची धर्माची ओळ इस्लामच राहू द्या आणि ‘मठिकेला जमीन’ असा वेगळा निर्णय, म्हणजे खेळाडूने दाबायचं बटण, लिहा. अट: शासकाचा धर्म आणि परगण्याचा धर्म वेगळा. किंमत सोन्यात, फळ परगण्याच्या मतात. दोन वापरांत दहाएक वर्षांचं अंतर सक्तीचं ठेवा, नाहीतर खेळाडू बटण दाबत सुटेल आणि दानधर्म म्हणजे लाचेचं यंत्र होईल.

खरी गोची पुढे आहे. संगणकाच्या हातातला शासक आपला धर्मगुरू परगण्याच्या धर्मांतराला लावू शकतो. ते पुरं झालं की दोन्ही धर्म एक, अट खोटी, निर्णय कायमचा गायब. म्हणून संजाणला एक खूणचिठ्ठी लावा आणि धर्मांतराच्या कामात ‘ही खूण असेल तर नको’ अशी अट घाला.

संजाण मंडळ मधुमतीला राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने दिलं होतं आणि कृष्ण गादीवर आला 878 च्या सुमारास. त्यामुळे खेळ 867 सालापासून सुरू करत असाल, तर आरंभीच सामंताला तिथे बसवू नका. नंतरच्या घटनेतून आणा. मग निरीक्षक म्हणून खेळ 926 पर्यंत पळवा आणि परगण्याचा रकाना तपासा.