ओबेरॉन, मर्ल

ओबेरॉन, मर्ल : (१९ फेब्रुवारी १९११ – २३ नोव्हेंबर १९७९). ब्रिटिश व अमेरिकन चित्रपटांतील अभिनेत्री. मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन टॉमसन, घरचे लाडाचे नाव क्वीनी. जन्म मुंबईचा, वाढ मुंबई व कोलकात्यातली. चित्रपटात नाव झाल्यावर मात्र ‘जन्म होबार्ट, टास्मानिया’ असेच छापून येत राहिले, आणि जवळजवळ अखेरपर्यंत तिने ते खोडून काढले नाही. हा बनाव तिच्या कारकिर्दीपासून वेगळा काढता येत नाही. कोणत्या भूमिका मिळाल्या, तोंडाला कोणता रंग लागला, दिवा कुठे ठेवला गेला, या सगळ्यावर त्याची छाया आहे.

जन्मदाखल्यावर वडील म्हणून रेल्वेत काम करणाऱ्या एका ब्रिटिश अभियंत्याची नोंद आहे. मर्ल लहान असतानाच ते वारले. तिला वाढवले शार्लट सेल्बी या मूळच्या सिलोनकडच्या बाईने. मर्ल तिलाच आई मानत असे. प्रत्यक्षात शार्लट तिची आजी होती आणि शार्लटची अल्पवयीन मुलगी कॉन्स्टन्स ही जन्मदाती, हे पुढे उघड झाले. १९१७ च्या सुमारास दोघी कोलकात्याला गेल्या. तिथल्या ला मार्टिनियर शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली, पण मिश्र रक्तावरून होणाऱ्या टोमण्यांना कंटाळून तिने शाळा सोडली. काही काळ टेलिफोन ऑपरेटरचे काम, हौशी नाटकमंडळींत थोडा वावर आणि संध्याकाळी फिर्पोसारख्या उंची हॉटेलात नाच, असे तिचे कोलकात्यातले दिवस होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिने युरोप गाठला. सोबत शार्लट होतीच. लंडनमध्ये पाहुण्यांसमोर मर्ल तिची ओळख मोलकरीण म्हणून करून देत असे, असे चरित्रकार सांगतात.

लंडनमधली पहिली काही वर्षे एक्स्ट्राच्या कामांत गेली. हंगेरीहून येऊन ब्रिटिश चित्रपटव्यवसायात बस्तान बसवणारे निर्माते अलेक्झांडर कॉर्डा यांच्या नजरेस ती पडली आणि चित्र पालटले. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मध्ये तिला राजा हेन्रीची राणी ॲन बोलिन हिची भूमिका मिळाली. ही राणी पडद्यावर येते ती शिरच्छेदाच्या दिवशी, आणि काही मिनिटांत तिचा कारभार आटोपतो. चित्रपट हेन्री झालेल्या चार्ल्स लॉटन यांचा होता आणि ऑस्करही त्यांनाच मिळाले. तरी केसांची बट सावरत मृत्यूला सामोरी जाणारी ही मुलगी प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. लगेच ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ (१९३४) मध्ये ती लेस्ली हॉवर्ड यांची नायिका झाली. त्याच वर्षी ‘द बॅटल’ या चित्रपटात तिने जपानी सरदारपत्नी रंगवली. सुरुवातीच्या या काळात तिच्या डोळ्यांची ठेवण आणि काळेभोर केस रंगभूषेने आणखी उठावदार केले जात. ‘पूर्वेकडची’ वाटणारी सुंदरी हा विकाऊ माल होता. फक्त ती खरोखर पूर्वेकडची असून चालणार नव्हते.

का चालणार नव्हते, याची उत्तरे कायद्यात आणि नियमावलीत सापडतात. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. भगतसिंग थिंड खटल्यात १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वापुरता ‘गोरा’ नाही असा निकाल दिला होता. हॉलीवूडची आचारसंहिता गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध दाखवण्यास मनाई करत होती, आणि स्टुडिओ त्या कलमाचा धाक इतर वर्णांच्या कलाकारांपर्यंत ताणत. चिनी वंशाची अभिनेत्री ॲना मे वाँग हिला ‘द गुड अर्थ’ (१९३७) मधली चिनी नायिका मिळाली नाही. ती भूमिका रंगभूषा चढवून लुइझे रायनरने केली आणि ऑस्कर नेले. हे पाहता कॉर्डांच्या प्रसिद्धी खात्याने टास्मानिया निवडला यात नवल नाही. बेट दूरचे, साम्राज्यातले, गोऱ्यांचे. आणि उठून चौकशीला जाणार कोण?

कॉर्डांनी तिच्या करारातला वाटा अमेरिकन निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांना दिला आणि मर्ल हॉलीवूडला गेली. गोल्डविननी पहिली गोष्ट केली ती तिचा चेहरा ‘धुऊन’ काढण्याची. भुवया, केस, रंगभूषा सगळे साधे केले. ‘द डार्क एंजल’ (१९३५) मध्ये ती किटी व्हेन नावाची खानदानी इंग्रज मुलगी आहे. तिचा प्रियकर पहिल्या महायुद्धात आंधळा होतो आणि ते तिच्यापासून लपवतो. चित्रपट अश्रूंनी ओथंबलेला आहे आणि आज तो बराच जुनाट वाटतो, पण याच भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. त्या वर्षी या विभागात सहा जणी होत्या आणि पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. मर्लचे हे एकमेव नामांकन.

तिच्या अभिनयाची खरी चुणूक दिसते ती पुढच्या वर्षी, विल्यम वायलर दिग्दर्शित ‘दीज थ्री’ (१९३६) मध्ये. एक शाळकरी मुलगी आपल्या दोन शिक्षिकांविषयी खोटी कंडी पिकवते आणि त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त होते. लिलियन हेलमन यांच्या मूळ नाटकात आरोप समलिंगी संबंधांचा होता. आचारसंहितेपायी हेलमन यांनीच पटकथेत त्याचा प्रेमत्रिकोण केला. मिरियम हॉपकिन्स आणि जोएल मॅक्री यांच्यासोबतच्या या चित्रपटात मर्ल कुठेही नटत नाही. वाढत्या संकटात तिची शिक्षिका आवाज न चढवता हळूहळू खचत जाते. पुढे गाजलेल्या ‘वदरिंग हाइट्स’पेक्षा हे काम सरस आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

१९३७ मध्ये कॉर्डांच्या ‘आय, क्लॉडियस’मध्ये ती रोमन सम्राट क्लॉडियसची पत्नी मेसालिना होती. दिग्दर्शक योझेफ फॉन स्टर्नबर्ग, क्लॉडियसच्या भूमिकेत लॉटन. लॉटन यांना काही केल्या भूमिका सापडत नव्हती. अशात मार्चमध्ये लंडनमध्ये मर्लच्या मोटारीला अपघात झाला आणि चित्रीकरण थांबले ते कायमचे. अपघाताचे निमित्त कॉर्डांच्या पथ्यावरच पडले, असे तेव्हाही बोलले गेले.

तिचे नाव आज ज्यामुळे टिकून आहे तो ‘वदरिंग हाइट्स’ (१९३९). निर्माते गोल्डविन, दिग्दर्शक वायलर, नायक लॉरेन्स ऑलिव्हिए. ऑलिव्हिए यांना नायिका कॅथीच्या भूमिकेत आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळे सेटवर दोघांचे फारसे जमले नाही. इंग्लंडच्या यॉर्कशरचे माळ कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर उभे केले गेले आणि कादंबरीचा उत्तरार्ध कापून कॅथीच्या मृत्यूपाशी गोष्ट संपवली गेली. शेवटी दोघांची भुते हातात हात घालून चालताना दिसतात. ते दृश्य वायलर यांनी घ्यायला नकार दिल्यावर गोल्डविननी दुसऱ्यांकडून, बदली कलाकार घेऊन चित्रित करवले. मर्लची कॅथी हट्टी आणि मोहक आहे. कादंबरीतला रानटीपणा मात्र तिच्यात उतरत नाही. चित्रपटाला आठ नामांकने मिळाली, त्यांत तिचे नाव नव्हते. इसाबेलाची दुय्यम भूमिका करणाऱ्या जेराल्डीन फिट्झजेराल्डचे होते. एक गंमत अशी, की एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीत सावळ्या नायकाला, हीथक्लिफला पाहून शेजारी तो हिंदी खलाशाचा पोर असावा असा तर्क करतो, आणि दाई त्याला समजावते की तुझी आई कदाचित हिंदुस्थानची राणी असेल. पडद्यावर हीथक्लिफ झाला सरेचा ऑलिव्हिए, आणि त्याच्यासमोरची गोरी इंग्रज कॅथी मुंबईची.

१९३९ मध्येच तिने कॉर्डांशी लग्न केले. १९४२ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाल्यावर ती लेडी कॉर्डा झाली. १९४५ मध्ये ते वेगळे झाले. या दरम्यान अपघाताचे व्रण आणि पुढे उद्भवलेला त्वचेचा त्रास यांमुळे तिच्या चेहऱ्यावर खड्डे पडले होते. ‘द लॉजर’ (१९४४) चे छायालेखक लुसियन बॅलर्ड यांनी त्यावर तोड काढली. बाजूने येणारा प्रकाश प्रत्येक खड्ड्यात सावली पाडतो. म्हणून त्यांनी एक लहान दिवा थेट कॅमेऱ्याच्या भिंगाला लागून बसवला. भिंग आणि प्रकाश एकाच रेषेत आल्यामुळे सावली भिंगाला दिसेल अशी पडतच नाही, त्वचा सपाट उजळते आणि वर डोळ्यांत एक चमक येते. कॅमेरा पुढे सरकला की दिवाही चेहऱ्याजवळ येतो, म्हणून त्याची तीव्रता कमी करत न्यावी लागते. मर्लच्या आडनावावरून या दिव्याला ‘ओबी’ म्हणू लागले आणि छायालेखकांच्या बोलण्यात ते नाव रुळले. १९४५ मध्ये तिने बॅलर्डशीच लग्न केले. हे लग्न १९४९ पर्यंत टिकले.

‘अ साँग टू रिमेंबर’ (१९४५) मध्ये तिने पुरुषी पोशाखातली लेखिका जॉर्ज सांड ठसक्यात उभी केली. त्यानंतर उतरती कळा लागली. ‘बर्लिन एक्सप्रेस’ (१९४८) आणि मार्लन ब्रँडोच्या नेपोलियनसमोरची ‘देझिरे’ (१९५४) मधली जोसेफिन वगळता सांगण्याजोगे थोडे. १९५७ मध्ये उद्योगपती ब्रुनो पाग्लिआई यांच्याशी विवाह करून ती मेक्सिकोत राहू लागली. ‘इंटरव्हल’ (१९७३) हा शेवटचा चित्रपट. त्यातला तरुण नायक रॉबर्ट वोल्डर्स पुढे तिचा चौथा नवरा झाला.

१९७८ मध्ये होबार्टच्या महापौरांनी ‘गावच्या लेकी’चा सत्कार ठेवला. ती गेली, आपला जन्म इथला नाही असे तिथेच सांगून, प्रकृतीचे कारण देत समारंभातून बाहेर पडली. पुढच्या वर्षी पक्षाघाताने कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे तिचे निधन झाले. मुंबईच्या जन्माची हकीकत सर्वांपुढे आली ती १९८३ मध्ये, चार्ल्स हायम व रॉय मोझली यांनी लिहिलेल्या चरित्रातून. टास्मानियात मात्र ती आमचीच होती असे मानणारे त्यानंतरही होते, आणि त्यांच्यावर २००२ मध्ये एक माहितीपटही निघाला. २०२३ मध्ये मिशेल योह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले तेव्हा या विभागातली पहिली आशियाई अभिनेत्री कोण, हा प्रश्न पुन्हा निघाला. अनेक वृत्तपत्रांनी योह यांच्यापुढे ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ अशी पुस्ती जोडली, ती १९३५ च्या किटी व्हेनमुळे.