'पोरगी होती का?' : पाचव्या महिन्यातल्या रिपोर्टमागची पार्श्वभूमी

२०१३ साली माझ्या वहिनीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नसल्याचं निघालं. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात आमचं गाव. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, 'बाळात दोष आहे, जगणार नाही.' एकोणिसावा आठवडा संपत आला होता, गर्भपातासाठी कायद्याची मुदत तेव्हा विसाव्या आठवड्यापर्यंत. मुदतीत असूनही दोन दवाखान्यांनी केस घेतली नाही. तिसऱ्या ठिकाणी, शहरात, मोकळी झाली. गावी परतल्यावर भेटायला आलेल्या बायांपैकी एकीने हळूच विचारलं, 'पोरगी होती का?'

त्यानंतर वहिनीने तो विषय कुणाकडेच काढला नाही. असा प्रश्न विचारला का गेला, डॉक्टर कशाला बिचकले, याचा माग काढायचा तर पन्नास-साठ वर्षं मागे जावं लागतं.

गर्भपात कायदेशीर करावा का, हे पाहण्यासाठी १९६४ साली शांतिलाल शहा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९७१चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. बाळाला गंभीर व्यंग असण्याची शक्यता हे कारण त्यात पहिल्यापासून होतं, मुदत २० आठवडे. पण तेव्हा आपल्याकडे पोटातलं बाळ दिसतच नव्हतं. व्यंग कळायचं ते बाळंतपण झाल्यावर, आणि त्याचं कारण आईच्या वागण्यात शोधलं जायचं. ओठ फाटलेलं बाळ झालं की ग्रहणात हिने भाजी चिरली असणार. मशीन आली तरी ही सवय गेली नाही. वहिनीच्या रिपोर्टनंतर आमच्या घरातही ग्रहणाची तारीख मोजली गेली होती. मला त्याची आजही लाज वाटते.

१९७५च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल तपासणी, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासणं, सुरू झाली ती आनुवंशिक दोष शोधायला. काही वर्षांतच ती मुली शोधण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईतल्या स्त्रीसंघटनांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९८८ साली गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ला, आणि २००३मध्ये तो आणखी कडक झाला. गुणसूत्रांतले दोष, रक्ताचे आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंगं यांच्या तपासणीला या कायद्यात परवानगी आहे. पण सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी असते ती 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' एवढीच. दोष निघाला तर पुढे काय, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, हे सांगणारी पाटी मी अजून पाहिलेली नाही.

बीडसाठी कडक कायदा हवाच होता. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे इथे २००१मध्ये ८९४ मुली होत्या, २०११च्या जनगणनेत ८०७ उरल्या. २०१२मध्ये परळीत गर्भपातादरम्यान एका बाईचा जीव गेला आणि सगळ्या राज्याचं लक्ष इकडे वळलं. मग तपासण्या वाढल्या, मशिनींना सील लागलं. ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याच काळात ज्या आईबापांच्या हाती खरोखर दोषाचा रिपोर्ट आला, त्यांच्याकडेही डॉक्टर आणि गाव त्याच नजरेनं पाहू लागले. हवंहवंसं बाळ गेलेली बाई आणि मुलगी नको म्हणून पाडणारं घर, यांत फरक करायला कुणी थांबलं नाही.

ज्यांनी बाळ ठेवलं त्यांचीही सुटका नव्हती. 'माहीत होतं तर ठेवलं कशाला?' हे त्यांना ऐकावं लागतं, फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने नीट होत असला तरीही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन नवरा-बायको निघतात ते उन्हाळ्यात परततात. व्यंग तपासण्याची सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात व्हायला हवी, आणि नेमका तो काळ कित्येकींचा फडात जातो. उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. मग सोनोग्राफी होते ती सातव्या महिन्यात, गावी आल्यावर.

पूर्वी इतक्या उशिरा दोष कळला तर कोर्टाखेरीज वाट नव्हती. २००८मध्ये मुंबईच्या एका दाम्पत्याला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. २०१७च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांच्या एका बाईला ती दिली. तिच्या बाळाला वहिनीच्या बाळासारखाच दोष होता. २०२१च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगासाठी मुदतीची अट काढली. आता वैद्यकीय मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. २०२३च्या जानेवारीत तर मंडळाचं मत विरोधात असतानाही मुंबई उच्च न्यायालयाने ३२ आठवडे उलटलेल्या बाईला परवानगी दिली आणि निर्णय तिचा आहे असं म्हटलं.

वहिनीला दुसऱ्यांदा दिवस जाण्याआधीची गोष्ट. जोडप्यांची नोंद करायला आलेल्या आशाताईंनी विचारलं, 'पहिल्या खेपेला काय झालं होतं?' 'खाली झालं,' एवढंच वहिनी म्हणाली. ताई उठल्या नाहीत. 'कशामुळं?' त्यांनी परत विचारलं, तेव्हा वहिनीने दोन वर्षांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. कवटीचा आणि मणक्याचा हा दोष गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांतच ठरतो, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. एकदा असं झालेल्या बाईला फॉलिक अॅसिडची मोठ्या मात्रेची गोळी दिवस जाण्याआधीपासून लागते. दुसऱ्या दिवशी ताई तिला घेऊन डॉक्टरकडे गेल्या आणि गोळ्या लिहून आणल्या.