पत्ता शेपटाकडून लिहिणाऱ्या फंक्शनची उलटतपासणी

परवा पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सॉफ्टवेअर टेस्टिंगवर बोलायला गेलो होतो. उदाहरणाला साधंसं काहीतरी घेऊ म्हणून सी भाषेच्या लायब्ररीतलं गेट-सीडब्ल्यूडी हे फंक्शन निवडलं. चालू प्रोग्रॅम सध्या कोणत्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, आहे, एवढंच ते सांगतं. त्याला एक रिकामा बफर, म्हणजे स्मृतीतली राखून ठेवलेली जागा, आणि त्या बफरचं माप द्यायचं, ते त्यात रूटपासूनचा, म्हणजे सर्वांत वरच्या डिरेक्टरीपासूनचा, पूर्ण पत्ता भरून देतं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, यात टेस्ट काय करायची? कॉम्प्युटरला माहीतच असतं ना!"

बहुतेकांची हीच समजूत असते. पडद्यावर फोल्डरच्या डोक्यावर नाव दिसतं, तेव्हा ते त्या फोल्डरच्या आतच कुठेतरी लिहिलेलं असणार, असं वाटतं. युनिक्सच्या घराण्यात मात्र डिरेक्टरीला स्वतःचं नाव ठाऊकच नसतं. तिची ओळख म्हणजे एका नोंदीचा क्रमांक, त्या नोंदीला आयनोड म्हणतात. मालक कोण, परवानग्या काय, मजकूर डिस्कवर कुठे, हे सगळं आयनोडमध्ये असतं. नाव तेवढं नसतं. नाव असतं ते वरच्या डिरेक्टरीच्या यादीत, त्या क्रमांकासमोर.

जुन्या पेठेतला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. खोल्यांच्या दारांवर फक्त क्रमांक आहेत, आणि कोणत्या क्रमांकाच्या खोलीला काय म्हणायचं याची वही वाड्याच्या मालकाकडे आहे. खोलीत बसलेल्याला आपला क्रमांक कळतो, खोलीचं नाव सांगता येत नाही. त्यासाठी उठून मालकाकडे जावं लागतं.

गेट-सीडब्ल्यूडी मूळचं अगदी असंच काम करायचं. प्रत्येक डिरेक्टरीत दोन ठरलेल्या नोंदी असतात. एक टिंब म्हणजे ‘मी’, दोन टिंबं म्हणजे ‘माझ्या वरची’. फंक्शन आधी एका टिंबाचा क्रमांक विचारायचं. मग दोन टिंबांच्या डिरेक्टरीत शिरून तिथली यादी एकेक ओळ वाचायचं. आपला क्रमांक जिच्यासमोर सापडला, ते आपलं नाव. मग त्या वरच्या डिरेक्टरीचा क्रमांक घेऊन आणखी वर. थांबायचं कुठे? रूटमध्ये, कारण तिथे एक टिंब आणि दोन टिंबं एकाच जागेकडे बोट दाखवतात. रूटला वरचं कोणी नाही.

इथे एक गाठ आहे. आयनोड क्रमांक एका फाइलसिस्टीमपुरताच, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या एका मांडणीपुरताच, एकमेव असतो. एक्स्ट-४ या प्रकारच्या प्रत्येक फाइलसिस्टीमच्या मुळाशी क्रमांक २ च असतो, मग ती फाइलसिस्टीम पेनड्राइव्हवर असो की मोठ्या डिस्कवर. म्हणून तुलना नेहमी जोडीने करायची: डिव्हाइस क्रमांक (फाइलसिस्टीम कोणती ते सांगणारा) आणि आयनोड. शिवाय पेनड्राइव्ह एखाद्या डिरेक्टरीवर माउंट केलेला, म्हणजे तिच्या जागी जोडलेला, असेल, तर वरच्या यादीत त्याच्याखाली झाकल्या गेलेल्या मूळ डिरेक्टरीचा क्रमांक दिसतो. नुसती यादी चाळून जुळणीच होत नाही. अशा वेळी यादीतल्या प्रत्येक नावाची स्वतंत्र चौकशी करावी लागते. हा परिच्छेद पहिल्या वाचनात समजला नाही तरी पुढे अडणार नाही. मला तो गाळवेना.

आता माझा लाडका भाग. नावं कोणत्या क्रमाने सापडली ते पाहा: सर्वांत आतलं आधी, सर्वांत बाहेरचं शेवटी. पत्ता लिहायचा असतो बरोब्बर उलट क्रमाने. म्हणून फंक्शन बफरच्या शेपटाशी जाऊन बसतं. आधी अगदी शेवटच्या बाइटमध्ये शून्य ठेवतं, कारण सी भाषेत शब्दमालिका शून्याने संपते. मग त्याच्या अलीकडे सापडलेलं नाव, त्याच्या अलीकडे तिरकी रेघ, त्याच्या अलीकडे पुढचं नाव, असं मागे मागे सरकत लिहितं. रूट गाठलं की तयार पत्ता उचलून बफरच्या सुरुवातीला आणून ठेवतं. आजच्या लिनक्समध्ये ही पायपीट सहसा होत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, डिरेक्टऱ्यांची नावं आणि त्यांच्या पालकांचे दुवे स्मृतीत बाळगून असतो, आणि २.१.९२ या आवृत्तीपासून या कामासाठी थेट सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलला करायची विनंती, आहे. पण तो कर्नलसुद्धा पत्ता शेपटाकडूनच जुळवतो. फायदा असा, की वरची डिरेक्टरी वाचायची परवानगी नसली तरी लिनक्सवर उत्तर मिळतं. जुन्या पद्धतीत अशा वेळी हात टेकावे लागत.

हे कळलं की टेस्ट कुठे मारायच्या ते आपोआप दिसू लागतं. पहिली जागा मापाची. समजा, रूटखाली ‘/पुणे/कसबा पेठ’ अशी डिरेक्टरी केली. डोळ्यांना दहा खुणा दिसतात. युनिकोड काना, मात्रा, उकार वेगळे मोजतो, त्याच्या हिशेबाने चौदा. गेट-सीडब्ल्यूडी मोजतं बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘पुणे’चे १२, ‘कसबा पेठ’चे मधल्या जागेसह २२, दोन तिरक्या रेघा, एकूण ३६. शेवटचं शून्य धरून ३७. म्हणजे ३७ बाइटांचा बफर दिला तर उत्तर आलंच पाहिजे, आणि ३६ चा दिला तर ‘ई-रेंज’, म्हणजे ‘बफर लहान आहे’, ही चूक आलीच पाहिजे. १०० आणि १० देऊन पाहणारा परीक्षक काहीच तपासत नाही. फक्त इंग्रजी नावांवर टेस्ट लिहिणाऱ्यांचे प्रोग्रॅम आपल्या नावांवर का अडखळतात, याचं एक कारण हेच: अक्षर म्हणजे बाइट, असं त्यांनी मनात धरलेलं असतं. बफर दिला पण माप शून्य सांगितलं, तर ‘ई-इनव्हॅल’, म्हणजे ‘दिलेली किंमत अवैध’, यायला हवं, तेही जाता जाता तपासून घ्यावं.

फंक्शनने दिलेल्या मापाबाहेर लिहिलं का, हे नुसतं उत्तर बघून कळत नाही. त्यासाठी स्मृतीची शेजारशेजारची दोन पानं मागायची, दुसऱ्याला कुलूप घालायचं, म्हणजे तिथे वाचायला-लिहायला बंदी करायची, आणि बफर असा ठेवायचा, की त्याचा शेवटचा बाइट पहिल्या पानाचा शेवटचा बाइट असेल. लायब्ररीने एक बाइट जरी पुढे लिहिला तरी प्रोग्रॅम जागीच कोसळतो. ओलांडणारा कर्नल असेल तर कोसळत नाही, ‘ई-फॉल्ट’, म्हणजे ‘स्मृतीचा पत्ता चुकीचा’, ही चूक परत येते. मागच्या बाजूसाठी हेच उलट करायचं: कुलूपबंद पान आधी आणि बफर त्याला लागून. मागच्या बाजूची टेस्ट सहसा कोणी लिहीत नाही.

दुसरी जागा म्हणजे उत्तरच नसणं. लिनक्सवर तुम्ही उभे असलेली डिरेक्टरी, परवानगी असेल तर, दुसरं कोणीही काढून टाकू शकतं. दुसऱ्या खिडकीतून ती उडवली, की तुम्ही जिथल्या तिथेच असता, फक्त त्या जागेला पत्ता उरत नाही. गेट-सीडब्ल्यूडीने ‘ई-नो-एंट’, म्हणजे ‘अशी नोंदच नाही’, द्यायचं असतं. ऑफिसात हे घडलं, की प्रत्येक आज्ञेमागे ‘पालक डिरेक्टरी सापडत नाही’ अशी कुरकुर सुरू होते. कोणीतरी "मशीन रिस्टार्ट कर" सांगतं आणि खरोखरच सगळं ठीक होतं. होणारच, कारण नवीन शेल, म्हणजे आपल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, होम डिरेक्टरीत उघडतं. सीडी या डिरेक्टरी बदलायच्या साध्या आज्ञेने दुसरीकडे गेलं असतं तरी भागलं असतं. अशा योगायोगांतूनच यंत्रांविषयीच्या श्रद्धा जन्म घेतात. खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू वाहायला माझी हरकत नाही, झेंडूच्या पाकळ्या पंख्यात जाऊ नयेत म्हणजे झालं. पण पूजेनंतर सर्व्हर सुधारला असं कोणी सांगू लागलं, तर आधी लॉग उघडायला लावावा.

तिसरी फसगत परीक्षकाचीच होते. आलेलं उत्तर बरोबर की चूक, हे ताडून पाहायला अनेकजण शेलचं पीडब्ल्यूडी हे व्हेरिएबल घेतात. शेल तुम्ही ज्या वाटेने आलात ती वाट लक्षात ठेवतं, मध्ये सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा, असली तरी. गेट-सीडब्ल्यूडी खरी जागा सांगतं. मॅकओएसवर ‘/टीएमपी’मध्ये जा आणि विचारा, उत्तर ‘/प्रायव्हेट/टीएमपी’ येतं. टेस्ट नापास, फंक्शन निर्दोष. तुलना करायची तर दोन्ही जागांचे डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक ताडावेत. आणि प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगळ्या चालू प्रोग्रॅममध्ये, चालवावी, कारण चालू डिरेक्टरी अख्ख्या प्रोसेसची एकच असते. तिच्यातल्या एका थ्रेडने, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्याने, जागा बदलली की सगळ्यांची बदलते.

हे सगळं फार किसकाढू वाटत असेल, तर जी-लिब-सी या लिनक्सच्या मुख्य सी लायब्ररीत सापडलेला दोष पाहा. सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२१-३९९९ हा त्याचा क्रमांक, दुरुस्ती २.३५ या आवृत्तीत झाली. तो उघडा पडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागत. पत्ता कर्नलच्या ४०९६ बाइटांच्या मर्यादेपेक्षा लांब, बफरचं माप फक्त १, आणि चालू डिरेक्टरीवर रूटच माउंट केलेलं. कर्नल आधी पत्त्याची लांबी पाहतो, बफरचं माप नंतर. त्यामुळे तो ‘बफर लहान आहे’ असं म्हणतच नाही, ‘पत्ता फार लांब’ म्हणतो. लायब्ररी मग जुन्या, पायी चालायच्या पद्धतीकडे वळते. बफरच्या एकुलत्या एका बाइटमध्ये शून्य ठेवते. क्रमांकांची जोडी रूटशी लगेच जुळते, म्हणून एकही पायरी न चढता थांबते. एकही नाव सापडलं नाही, तेव्हा निदान तिरकी रेघ तरी हवी, म्हणून शेपटाकडून एक घर मागे सरकून ती लिहिते. पण बफर तिथे संपलेला असतो. रेघ बफरच्या आधीच्या, परक्या बाइटमध्ये पडते. मग रेघ आणि शून्य असे दोन बाइट उचलून सुरुवातीला आणले जातात, तेव्हा बफरच्या पुढचाही एक बाइट पुसला जातो. चुकीची खूण मात्र कुठेच उमटत नाही, फंक्शन यशस्वी झाल्याचंच सांगतं.

दुरुस्ती अगदी छोटी आहे. सर्वांत लहान पत्ता म्हणजे नुसती तिरकी रेघ, तिलासुद्धा शून्यासह २ बाइट लागतात. तेव्हा माप १ असेल तर पुढे काहीही न करता ‘ई-रेंज’ द्यायचं. दुरुस्तीसोबत टेस्टही लिहिली गेली. ती एक लांबलचक डिरेक्टरी-साखळी तयार करते, तिच्या तळाशी रूट माउंट करते आणि एका बाइटचा बफर पुढे करते. माउंट करण्यासाठी तिला स्वतःचा वेगळा नेमस्पेस, म्हणजे बाकी यंत्रापासून अलग असा कप्पा, लागतो. ज्या यंत्रावर तो मिळत नाही, तिथे ती ‘अनसपोर्टेड’ असा निकाल देते, आणि तो निकाल ‘पास’मध्ये मोजला जात नाही.