मेंदूतील रक्तस्राव : वृद्धांच्या सुधारणेतील रुग्णालयीन घटक (मराठवाडा)

मेंदूतील रक्तवाहिनी फुटून मेंदूच्या ऊतीत रक्त साचणे म्हणजे मेंदूतील रक्तस्राव. पक्षाघाताच्या दोन मुख्य प्रकारांपैकी हा एक. दुसरा, अधिक आढळणारा प्रकार रक्ताच्या गुठळीने होतो. पाश्चात्त्य देशांत पक्षाघाताच्या एकूण रुग्णांत रक्तस्रावाचे प्रमाण १० ते १५ टक्के मानतात. आशियात, भारत धरून, ते याहून जास्त असल्याचे बहुतेक रुग्णालयीन पाहण्यांतून दिसते. पहिल्या महिन्यात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावतात आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास पहिल्या दोन दिवसांतच जातात. साठीपुढील रुग्ण सावरण्यात वयाचा वाटा किती आणि रुग्णालयाचा किती, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. विवेचन छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या आठ जिल्ह्यांपुरते आहे.

कारणमीमांसा : दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने नेमके काय फुटते, याविषयी दीडशे वर्षे मतभेद आहेत. शार्को व बूशार या फ्रेंच वैद्यांनी १८६८ मध्ये बारीक रोहिण्यांवरील (धमन्यांवरील) सूक्ष्म फुगवटे हे रक्तस्रावाचे मूळ असल्याचे मांडले. मेंदूविकारतज्ज्ञ फिशर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विकृतिविज्ञानीय निरीक्षणांनंतर भर रोहिणीच्या भिंतीच्या झिजेवर आला. १९९० च्या दशकातील सूक्ष्मदर्शी अभ्यासांत तर या फुगवट्यांपैकी बरेचसे प्रत्यक्षात वाहिनीची वेटोळी असावीत, असे मत पुढे आले. फुगवटे मुळीच नसतात असे म्हणणे टोकाचे ठरेल. तरी झिजेची उपपत्ती आज अधिक ग्राह्य वाटते. वृद्धांत याखेरीज दुसरे एक कारण असते. अ‍ॅमिलॉइड नावाचे प्रथिन मेंदूच्या पृष्ठभागाजवळील रोहिण्यांच्या भिंतींत साचते आणि रक्तस्राव मेंदूच्या खंडांत, म्हणजे वरच्या बाजूस होतो. रक्तदाबाचा रक्तस्राव बहुधा खोलवर, तलगंडिका, थॅलॅमस, सेतू किंवा अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) होतो. जागेचा हा फरक शस्त्रक्रियेच्या निर्णयात महत्त्वाचा ठरतो.

रुग्णालयांची रचना : छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले, त्याला जोडलेले रुग्णालय सगळ्या विभागात ‘घाटी’ म्हणूनच ओळखले जाते. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे नांदेड व लातूर येथे. धाराशिव, परभणी, जालना व हिंगोलीची महाविद्यालये अगदी अलीकडची आहेत. मेंदूशल्यचिकित्सक मात्र मुख्यतः छत्रपती संभाजीनगर, लातूर व नांदेड या शहरांत एकवटलेले आहेत. त्यामुळे सीमेवरचे तालुके विभागाबाहेर पाहतात. तुळजापूरचा रुग्ण सोलापूरला जातो, आष्टीचा अहिल्यानगरला, देगलूर-बिलोलीकडचा प्रसंगी हैदराबादला.

खेड्यातला रुग्ण सहसा थेट मोठ्या रुग्णालयात पोचत नाही. गावातला डॉक्टर, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचे ठिकाण आणि तिथून ‘रेफर’, अशी साखळी असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. तिने वेळ वाचतो, पण साखळीतील थांबे कमी होत नाहीत. रक्ताचा साका, म्हणजे साचलेल्या रक्ताचा गोळा, पहिल्या काही तासांतच, सुमारे एकतृतीयांश रुग्णांत, वाढत जातो. दोन रुग्णालयांमधला प्रवास नेमका याच काळात पडतो. वाटेत रक्तदाब २०० च्या वर राहिला की सीटी स्कॅनवर दिसलेला साका आणि अतिदक्षता विभागात पोचलेला साका एकच असेल याची खात्री नसते. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवण्याचा प्रयोग झाला (इंटरॅक्ट-४, २०२४). रक्तस्रावाच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, गुठळीच्या रुग्णांना अपाय. स्कॅनआधी दोघांत फरक करता येत नसल्याने हा मार्ग आपल्याकडे लगेच अनुसरण्याजोगा नाही. पहिल्याच टप्प्यावर स्कॅनची सोय होणे अधिक उपयोगाचे.

बीड, जालना व धाराशिवकडील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या महिन्यांत गावी म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडेच उरतात. रात्री अंगावरून वारे गेले तर ते सकाळी कळते, आणि रुग्णालयात आल्यावर संमतीपत्रावर सही करायला जबाबदार नातेवाईक नसतो.

वय, गुणांक व आत्मपूर्त भाकीत : या विषयातील सर्वांत वादाचा भाग हाच. हेम्फिल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील १५२ रुग्णांच्या आधारे मृत्यूची जोखीम वर्तवणारा एक गुणांक तयार केला. शुद्धीची पातळी (ग्लासगो प्रमाणावर, जिथे १५ म्हणजे पूर्ण शुद्धी, ३ ते ४ असल्यास दोन गुण, ५ ते १२ असल्यास एक), साका ३० मिलिलिटर किंवा अधिक, मेंदूच्या पोकळ्यांत रक्त, रक्तस्रावाचा उगम मेंदूच्या खालच्या भागात, आणि वय ८० किंवा अधिक, या शेवटच्या चारांना प्रत्येकी एक गुण. मूळ गटात शून्य गुणांच्या रुग्णांपैकी महिनाभरात कोणी दगावले नाही. तीन गुणांवर ७२ टक्के, चारवर ९७ टक्के दगावले. गुणांक वापरायला सोपा असल्याने तो जगभर पसरला.

त्याच वर्षी बेकर व सहकाऱ्यांनी एक अडचणीचा प्रश्न मांडला. गंभीर रुग्णांपैकी बहुतेकांचा मृत्यू उपचार थांबवल्यानंतर झालेला असेल, तर ती आकडेवारी रोगाची की निर्णयाची? वाईट भाकीत, त्यामुळे आखडता उपचार, त्यामुळे मृत्यू, आणि त्या मृत्यूने भाकिताला पुष्टी, असे हे चक्र आहे. पुढे २००४ मध्ये हेम्फिल यांनीच कॅलिफोर्नियातील रुग्णालयांची तुलना केली. पहिल्याच दिवशी ‘हृदयक्रिया थांबल्यास पुनरुज्जीवन करू नये’ असे आदेश ज्या रुग्णालयांत जास्त दिले जात, तिथे दाखल होणेच मृत्यूच्या अधिक जोखमीशी निगडित होते, रुग्णाची गंभीरता हिशेबात घेऊनही. २०१५ मधील एका अमेरिकी अभ्यासात १०९ रुग्णांना पहिले काही दिवस पूर्ण उपचार दिले गेले. भाकीत सुमारे ५० टक्के मृत्यूंचे होते, प्रत्यक्षात सुमारे २० टक्के झाले. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी २०१० पासून असे नवे आदेश निदान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत लांबणीवर टाकावेत, असे सुचवले आहे. विरोधी पक्षाचे म्हणणे असे, की हे बहुतांशी निरीक्षणात्मक अभ्यास आहेत आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला तीव्र अपंगत्व येते. दुसरा मुद्दा नाकारता येत नाही. पण पहिल्या चोवीस तासांत वृद्धाचे पुढचे सहा महिने वर्तवता येतात, याला त्यातून आधार मिळत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. उपचार मर्यादित करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१८ चा, त्यातील प्रक्रिया २०२३ मध्ये सुलभ झाली. पुनरुज्जीवन न करण्याविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मधील आहेत. प्रत्यक्ष वॉर्डात असा लेखी आदेश विरळाच. त्याऐवजी ‘वय झालंय, घरी नेऊन सेवा करा’ असे सांगितले जाते, किंवा पैसे संपल्यावर नातेवाईक ‘डामा’ घेतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्ण घरी नेतात. मृत्यू मग घरी होतो आणि रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही. म्हणून इथल्या दोन रुग्णालयांची तुलना निव्वळ रुग्णालयातील मृत्युदरावरून करणे दिशाभूल करणारे आहे. ज्याचा दर कमी, तिथून ‘डामा’ जास्त असू शकतो.

गुणांकातील दोन निकष इथे तपासून वापरावे लागतात. वय हा पहिला. आज ऐंशीच्या घरात असलेल्या ग्रामीण माणसाचे वय अनेकदा अंदाजाचे असते. आधार कार्डावर १ जानेवारी ही तारीख दिसली तर ती बहुधा मानीव असते, आणि घरचे ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी रांगत होते’ असे सांगतात. हैदराबाद संस्थानावरील सप्टेंबर १९४८ च्या त्या कारवाईची ही खूण कार्डापेक्षा अधिक भरवशाची ठरते. दुसरा निकष शुद्धीच्या मापनातील तोंडी प्रतिसादाचा. गोरमाटी (बंजारा बोली) किंवा दखनी बोलणाऱ्या, त्यातून ऐकू कमी येणाऱ्या आजीला प्रमाण मराठीत ‘आज वार कोणता’ विचारले तर गोंधळलेले उत्तर मेंदूचेच असेल असे नाही. हातचा चष्मा, कवळी, श्रवणयंत्र दाखल करतेवेळी घरी पाठवले जाते. भ्रम वाढण्याचे हे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

शुश्रूषा : एकेका औषधापेक्षा शुश्रूषेच्या गठ्ठ्याने जास्त फरक पडतो, असा कल गेल्या दशकात स्पष्ट झाला. रक्तदाब झपाट्याने १४० पर्यंत उतरवण्याच्या इंटरॅक्ट-२ (२०१३) या चाचणीचा मुख्य निष्कर्ष काठावरचा होता. अटॅच-२ (२०१६) मध्ये याहून आक्रमक उपचाराने फायदा दिसला नाही, मूत्रपिंडांना त्रास मात्र वाढला. वृद्धांत ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. इंटरॅक्ट-३ (२०२३) मध्ये भारतासह १० देशांतील १२१ रुग्णालयांत ७,००० हून अधिक रुग्ण होते. तासाभरात रक्तदाब १४० खाली, साखर ठराविक मर्यादेत, ताप ३७.५ अंश सेल्सिअसखाली, आणि वॉरफरिन हे गुठळी रोखणारे औषध घेणाऱ्यांत रक्त गोठण्यातील दोषाची तातडीने दुरुस्ती, ही चतुःसूत्री एकत्र राबवल्यावर सहा महिन्यांनंतरची स्थिती सुधारली. यांतील बहुतेक रुग्णालये मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांतली होती, म्हणून मराठवाड्याला हा पुरावा इतर कशाहूनही जवळचा. इन्फ्युजन पंप, ग्लुकोमीटर, थर्मामीटर आणि दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब पाहणारी सिस्टर, एवढ्यावर बराचसा गठ्ठा बसतो. यांत दुर्मिळ आहे ती शेवटची.

तापाचा निकष स्थानिक हवामानात अवघड होतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. वातानुकूलन नसलेल्या वॉर्डात ताप जंतुसंसर्गाचा, मेंदूतील बिघाडाचा की उकाड्याचा, हे ठरवताना डॉक्टरांची कसोटी लागते. त्यातच म्हाताऱ्या रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडते आणि सोडियम बिघडते.

गिळण्याची तपासणी हा स्वस्त, तरीही सर्वाधिक वगळला जाणारा भाग. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत (२०११) ताप, साखर व गिळणे या तिन्हींवर परिचारिकांनी नियमाने लक्ष ठेवल्याने मृत्यू व परावलंबन कमी झाले. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी घालणे हे प्रेमाचे कृत्य आहे, आणि नाकातली नळी टाकलेली असतानाही कोणीतरी चहा पाजतेच. ते पाणी श्वासनलिकेत गेल्यावर होणारा न्यूमोनिया हे वृद्धांच्या मृत्यूचे मोठे कारण. केवळ मनाई करून भागत नाही. रुग्णाला बसवून, सिस्टरसमोर चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नाही, हे खाटेवर मराठीत लिहून लावलेले बरे. दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढणे आणि पायांतील गुठळी टाळण्यासाठी हवा भरणारी आवरणे (क्लॉट्स-३, २०१३) यांचाही उपयोग सिद्ध आहे. साध्या घट्ट मोज्यांचा नाही.

शस्त्रक्रिया : अनुमस्तिष्कातील मोठा साका काढावा, यावर फारसा वाद नाही. इतरत्र स्टिच (२००५) व स्टिच-२ (२०१३) या चाचण्यांत लवकर शस्त्रक्रियेचा सरसकट लाभ आढळला नाही. एन्रिच (२०२४) मध्ये मेंदूच्या खंडांतील साका लहान छिद्रातून चोवीस तासांत काढल्याने फायदा झाला. त्यात ८० वर्षांपर्यंतचेच रुग्ण होते.

खर्च व योजना : राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातील नांदेड एकटेच होते, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आयुष्मान भारतअंतर्गत सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून वेगळे संरक्षण आहे. व्यवहारात वृद्धाचे नाव मुलाच्या शिधापत्रिकेवर नसणे, किंवा अंगठ्याचे ठसे न उमटणे, यांत आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाच्या) टेबलापाशी वेळ जातो.

पुनर्वसन : चोवीस तासांच्या आत रुग्णाला वारंवार उभे करण्याचा आग्रह अव्हर्ट चाचणीने (२०१५) चुकीचा ठरवला, दोन-तीन दिवसांनी, थोडे थोडे, हे सध्याचे मत. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या अटेंड चाचणीत (२०१७) कुटुंबीयांना शिकवून घरी व्यायाम करवून घेतल्याने मृत्यू वा परावलंबन कमी झाले नाही. यावरून नातेवाईक निरुपयोगी ठरत नाहीत, कारण तुलनेच्या गटातही सेवा तेच करत होते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या जागी त्यांना उभे करता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर रक्तस्राव की गुठळी हे ठळक लिहिलेले नसते, बहुधा ‘पॅरालिसिस’ एवढेच असते. गावातला डॉक्टर मग सवयीने रक्त पातळ करणारी, अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी लिहितो. पूर्वीपासून ती घेणाऱ्यांना पुन्हा सुरू करणे २०१९ च्या एका ब्रिटिश चाचणीत फारसे धोक्याचे आढळले नाही, पण तो निर्णय स्कॅन पाहून, खंडांतील रक्तस्राव असल्यास अधिक जपून घ्यायचा असतो. रक्तदाबाची गोळी मात्र रोज, आणि लक्ष्य १३०/८० च्या खाली.