सोलर रोबो: पॅनेल परत आणण्याआधी हे वाचा

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या आमच्या काउंटरवर, उन्हावर चालणारी छोटी रोबो-गाडी बनवणाऱ्यांकडून, हे वाक्य सारखं ऐकू येतं: "काका, मीटरवर चार व्होल्ट दाखवतंय, मोटर सेलवर फिरते, पण दोन्ही जोडलं की काहीच हलत नाही. पॅनेल खराब आहे." आम्ही ते पॅनेल दाराशी उन्हात धरतो, मीटर मिलिअँपिअरवर लावून मोजतो. बहुतेक वेळा पॅनेल ठणठणीत असतं.

चूक एकच. पॅनेलच्या वायरी थेट मोटरला जोडलेल्या असतात, आणि तेही घरात ट्यूबलाइटखाली. पॅनेलवरचे 5 व्होल्ट, 30 मिलिअँपिअर हे आकडे भर उन्हाचे आहेत. खोलीतला उजेड त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. मीटर करंट जवळपास घेतच नाही, म्हणून व्होल्ट दिसत राहतात. सीडी ड्राइव्हच्या ट्रेची मोटर मात्र जागची सुटायलाच शंभरेक मिलिअँपिअर मागते. तेवढं हे पॅनेल उन्हातही देणार नाही.

नळाला करंगळीएवढी धार असली की आपण खाली बादली लावतो आणि भरली की एकदम ओततो. इथे बादली म्हणजे 4700 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. खिडकीशी एक मिलिअँपिअर मिळाला तरी तो तीन व्होल्टपर्यंत साधारण 14 सेकंदांत भरतो. पुरेसा भरला की लुकलुकणारा एलईडी दोन ट्रान्झिस्टरना चालू करतो, साठा मोटरमध्ये रिकामा होतो, गाडी टुणकन पुढे सरकते आणि पुन्हा भरणं सुरू. याला सोलर इंजिन म्हणतात. रोबो बनवणारे शास्त्रज्ञ मार्क टिल्डेन यांनी रुजवलेल्या 'बीम' रोबोंचा, म्हणजे मोजक्या साध्या पार्टांतून बनणाऱ्या रोबोंचा, हाच पाया.

एलईडी एकरंगी लाल घ्या, रंग बदलणारा नको. टूएन 3904 ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये त्याऐवजी बीसी 547 ट्रान्झिस्टर लावलात तर पाय उलट क्रमाने येतात, ते तपासा. आणि मोठं पॅनेल मागू नका. ते विकून आम्हाला चार पैसे जास्त मिळतील, पण कडक उन्हात कॅपॅसिटर पुरता रिकामा होतच नाही आणि मोटर नुसती गुणगुणत बसते.

जुन्या बाजारातून मोटर आणलीत तर आधी दीड व्होल्टच्या एका सेलवर लावून पाहा. सहज फिरली तरच कामाची. कॅसेट प्लेअरच्या बऱ्याच मोटरींत वेग राखणारं सर्किट आतच असतं, त्या इथे चालत नाहीत. ट्रेची मोटर निघाली तर तिचे दात असलेले गिअरही जपून काढा, पुढे चाकांना लागतात.

सोल्डर केलेलं पॅनेल आम्ही परत घेत नाही. काहींना हे कडक वाटतं, पण जास्त तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने पॅनेलवरची जोडाची पट्टी उचकटली की ते पॅनेल दुसऱ्या कुणाला देता येत नाही. म्हणून प्रत्येक पॅनेल विकतानाच तुमच्यासमोर मोजून देतो. थोडं थांबावं लागतं, तेवढं थांबा.

सोलर इंजिनचे सगळे पार्ट एका पाकिटात, सर्किटच्या कागदासह मिळतात, सुटेही देतो. अडलात तर जोडलेलं सर्किट तसंच घेऊन या, सोडवून आणू नका. दुपारी चारच्या आत आलात तर दाराशी ऊन असतं.