बिगारी

बिगारी म्हणजे बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करणारा मजूर. विटा वाहणे, माल कालवणे, घमेली उचलणे ही त्याची कामे. एरवी 'बिगारी काम' म्हणजे कोणालाही सांगता येईल असे हलके काम, असाही अर्थ रूढ आहे. आजचा बिगारी रोजाने पैसे घेतो, पण त्याचे नाव मात्र बिनपैशाच्या सक्तीच्या कामावरून आले आहे.

मूळ शब्द फारसी 'बेगार'. मजुरी न देता जबरीने करून घेतलेले काम, हा त्याचा अर्थ. मराठीत याच अर्थाचा 'वेठ' हा शब्द आधीपासून होता आणि तो संस्कृत 'विष्टि'वरून आला. कागदपत्र, धनदौलत यांसारखाच दोन भाषांतले समानार्थी शब्द जोडून 'वेठबिगार' झाला. मराठेशाहीतल्या इनामपत्रांत वेठबेगार माफ केल्याची कलमे आढळतात.

विष्टीचा इतिहास फार जुना आहे. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ शिलालेखात शक क्षत्रप राजा रुद्रदामन सांगतो, की प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय (म्हणजे सक्तीने घेतलेल्या देणग्या) यांचा त्रास न देता आपण सुदर्शन तलाव दुरुस्त केला. विदर्भातल्या चम्मक येथील वाकाटक ताम्रपटात दान दिलेले गाव सर्व विष्टीतून मुक्त केले आहे. जी गोष्ट सोडल्याची एवढी नोंद करावी लागते, ती इतर गावांना किती जाचत असेल, याची कल्पना येते.

वेठ राजाच्या कामापुरती राहिली नाही. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलेला आदिवासी 'लग्नगडी' म्हणून त्याच्याच दारात राबायचा, आणि कर्ज काही फिटायचे नाही. मे १९४५ मध्ये झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत दोन्ही नाकारली. गोदावरी परुळेकर या लढ्याच्या अग्रणी होत्या. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या पोलिस गोळीबारात पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. आज वृत्तपत्रांत 'प्रवाशांना वेठीस धरले' असे सर्रास छापतात. अडवून धरणे एवढाच अर्थ त्यात उरला आहे, राबणारा माणूस त्यातून निघून गेला. ही हानी मोठी आहे.

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. इंग्रजी पाठातही 'बेगार' हाच शब्द ठेवला आहे. कर्जापोटीच्या वेठबिगारीविरुद्ध १९७६ मध्ये वेगळा कायदा झाला. पण पैसे दिले की बेगार संपली का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो दिल्लीतल्या एशियाड म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धांसाठीच्या बांधकामांवरच्या मजुरांमुळे. त्यांचे किमान वेतन दिवसाला ९.२५ रुपये होते आणि त्यांतला एक रुपया मजूर पुरवणारे जमादार कापून घेत. किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले कामही सक्तीचेच, असा निकाल न्यायालयाने १९८२ मध्ये दिला.