पार्श्वभूमी : ड्राइव्हची लिंक आणि एनीडेस्कचा नंबर

सांगलीच्या गणपती पेठेत किंवा मार्केट यार्डात हिशेबाच्या कुठल्याही टेबलाजवळ थोडा वेळ उभं राहिलं, तर फोनवरची दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "ड्राइव्हवर टाकलंय, लिंक पाठवतो," आणि "एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा." गरज दोन्हीकडे तीच, लांबच्या फाइलपर्यंत पोचायचं. पहिल्या वाक्यात फाइल आपल्याकडे येते. दुसऱ्यात फाइल जागची हलत नाही, आपणच पडद्यातून तिच्या संगणकावर जाऊन बसतो. या दोन रस्त्यांचा इतिहास वेगळा आहे. त्यांतला कुठला ऐनवेळी दगा देतो, हे सांगलीला कृष्णेच्या पाण्यानं दाखवलं.

रस्ते तसे जुनेच. दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करण्याची टेलनेट ही पद्धत १९६९ मधली, म्हणजे इंटरनेटचं मूळ असलेल्या अर्पानेट या जाळ्याच्या पहिल्या वर्षातली. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचे नियम, ज्यांना पुढे एफटीपी म्हणू लागले, ते एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या अभय भूषण यांनी लिहून काढले. भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं नवल वाटतं.

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीमार्फत, आणि तेही आधी महानगरांत. आपल्याकडच्या फाइलींचा प्रवास त्यानंतरही बरीच वर्षं फ्लॉपीतून, शर्टाच्या खिशातून आणि एसटीतूनच झाला. फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी. आज मोबाइलनं काढलेला एक फोटो त्यात बसत नाही. जुलै १९९६ मध्ये सुरू झालेल्या हॉटमेलच्या खात्यात जागा होती २ एमबी. तरी कॅफेत बसून लोकांनी एक युक्ती शोधलीच : फाइल स्वतःच्याच पत्त्यावर मेल करायची आणि दुसऱ्या गावी जाऊन उघडायची. ऑनलाइन साठवणुकीची बहुतेकांची सुरुवात हीच. याहूनं १९९९ च्या सुमारास खास फाइली ठेवायला ब्रीफकेस नावाची सोय दिली होती, पण डायल-अपवर ३० एमबी चढवायला बसणार कोण? १ एप्रिल २००४ ला जीमेलनं १ जीबी देऊ केलं, तेव्हा तारीख बघून अनेकांना ती थट्टा वाटली. पुढच्या वर्षी बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि जागा व वेग यांची गाठ पडायला लागली.

मधल्या काळात राज्य पेन ड्राइव्हचं. त्याची आठवण फाइलींपेक्षा व्हायरससाठी जास्त निघते.

दुसऱ्या रस्त्याची अडचण वेगळी होती. दुरून संगणक चालवण्याचं पीसीएनीव्हेअर हे सॉफ्टवेअर १९८० च्या दशकातलं, केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेतलं व्हीएनसी १९९० च्या दशकातलं, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत तर रिमोट डेस्कटॉप आयताच होता. म्हणजे साधनं होती. अडत होतं पत्त्यावर. घरात किंवा ऑफिसात राउटरमागे बसलेल्या संगणकाला बाहेरच्या जगात दिसणारा स्वतःचा पत्ता नसतो. तो आतून बाहेर बोलू शकतो, पण बाहेरून कुणी थेट त्याला हाक मारू शकत नाही. त्यासाठी स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, विकत घ्यायचा, राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायचं, ही कामं जाणकार माणसाचीच.

ही गाठ सोडवली ती २००५ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या टीमव्ह्युअरसारख्या सेवांनी. दोन्ही संगणक आपापल्या बाजूनं कंपनीच्या सर्व्हरला बाहेर फोन लावतात आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. राउटरला हात लावायला नको, फक्त नंबर सांगायचा. एनीडेस्क हेही जर्मनीतलंच, २०१४ चं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं २००९ च्या ईआरपी ९ या आवृत्तीत दुरून हिशेब बघण्याची सोय घातली, आणि यार्डातल्या अडत्याला घरबसल्या येणीदेणी दिसायला लागली. टॅली अडली की दुरुस्तीचा माणूस दुकानात येण्याची वाट बघणंही थांबलं. तो त्याच्या जागेवरून आत शिरतो आणि आपला माउस आपोआप हलताना बघत बसायचं.

पहिल्या रस्त्यावरची मोठी सुधारणा म्हणजे नुसती साठवण नव्हे, तर सिंक, म्हणजे सगळीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणं. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९६ मध्ये आरसिंक लिहिलं. फाइलीचा फक्त बदललेला भाग पाठवायचा, ही त्याची कल्पना. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ड्रॉपबॉक्सनं असंच काम एका साध्या फोल्डरच्या रूपात सामान्य माणसाच्या हाती दिलं. एका ठिकाणी बदल केला की दुसरीकडे आपोआप. एप्रिल २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आलं आणि अँड्रॉइड फोनबरोबर घरोघरी पोचलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि दर महिन्याच्या तारखेच्या धाकानं बिलांचे फोटो, एक्सेल, बँकेचे उतारे यांची ये-जा अशी वाढली की पेन ड्राइव्ह घेऊन पोरगं धाडणं परवडेना. सांगलीतल्या कर सल्लागारांकडे ड्राइव्ह रुळलं त्यात गूगलच्या जाहिरातींपेक्षा या तारखांचा वाटा मोठा, असं मला वाटतं.

आणि मग ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ च्या पुराच्या खुणा बघून ज्यांनी सामान उचलून ठेवलं होतं, त्यांचाही अंदाज चुकला. पेठांमधल्या तळमजल्यांवर संगणक, वह्या, टॅलीचा डेटा असलेलं मशीन आणि त्याच कपाटात जपून ठेवलेला बॅकअपचा पेन ड्राइव्ह, सगळं एकाच पाण्यात. एनीडेस्कचा नंबर पाठ असून उपयोग शून्य, कारण पलीकडचं यंत्र जिवंत असेल तरच दुसरा रस्ता उघडतो. वीज गेली तरी तो बंद, पाणी शिरलं तर कायमचा बंद. ज्यांच्या फाइली दूरच्या सर्व्हरवर होत्या, त्यांना पाहुण्यांच्या गावी बसून निदान खाती उघडता आली. सरकारनं पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी जुलैच्या जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्राची मुदत २० सप्टेंबरपर्यंत वाढवली, त्यात सांगली, सातारा, कोल्हापूर होते. पण मुदत वाढल्यानं भिजलेली हार्ड डिस्क वाचत नाही.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं असंच झालं होतं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ मध्ये पेवांत पाणी शिरलं आणि व्यापारी गोदामांकडे वळले. साठवणीची जागा नदीपासून लांब हवी, हा हिशेब हळदीनं डेटाच्या आधी मांडला.

पहिला रस्ताही बिनघोर नाही. सिंक म्हणजे बॅकअप, हा गैरसमज अजून पक्का आहे. ऑपरेटरनं चुकून फोल्डर उडवला की तो सगळीकडून उडतो, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तो ३० दिवसच राहतो. शिवाय पुरात मोबाइलचं नेटवर्कही डळमळतं, त्यामुळे 'कुठूनही' या शब्दाला मर्यादा आहेतच. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात आलं.

मधे २०२० ची टाळेबंदी. इस्लामपुरात मार्चमध्येच रुग्ण सापडल्यानं आपल्या जिल्ह्यात धास्ती लवकर पसरली. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं गावी आली आणि व्हीपीएनवरून, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या सुरक्षित वाटेनं, शेतातल्या घरात बसून काम करू लागली. ऑफिसातला संगणक चालूच ठेवून घरून त्यावर बसणं या काळात अंगवळणी पडलं, आणि इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या रिमोट डेस्कटॉपवर पासवर्ड आजमावणाऱ्यांचंही फावलं. फसवणुकीला तर आधीच सुरुवात झाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क टाकायला लावून खात्यातले पैसे पळवणाऱ्यांबद्दल इशारा दिला होता. नंबर सांगितला की समोरच्याला सगळा पडदा दिसतो, ओटीपीसकट. टॅलीच्या माणसाला देतो तोच नंबर बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला द्यायचा नसतो, हे ज्येष्ठांना समजावताना आजही घसा कोरडा पडतो.

कायदाही मागोमाग आला. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं कंपन्यांना हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक झालं. भागीदारीतल्या पेढ्यांना आणि एकट्यादुकट्या दुकानदारांना हा नियम लागू नाही, आणि यार्डात संख्या त्यांचीच जास्त.

त्यांच्याकडे सध्या अडचण दिसते ती खात्याच्या मालकीची. पेढीचा सगळा डेटा ऑपरेटरच्या वैयक्तिक जीमेलवर, त्याच्याच मोबाइल नंबरवर, फुकटच्या १५ जीबीत. ऑपरेटर पुण्याला लागला की पासवर्डही त्याच्याबरोबर पुण्याला. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलनं डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलं. त्यामुळे पूर येण्याआधी खातं पेढीच्या नावानं उघडून त्याचा पासवर्ड मालकाकडेही ठेवणं, एवढं काम अनेक दुकानांत अजून बाकी आहे.